दाराच्या उजवीकडचा खिळा

सगळं अडलं ते रकाना क्रमांक सातपाशी.

आधीचे सहा रकाने मारोतराव भोयरांनी सकाळचा दुसरा चहा यायच्या आत भरून टाकले होते. मंडळाचं नाव, कुंचला मित्र मंडळ, सक्करदरा. उपक्रम, वार्षिक चित्रप्रदर्शन. वर्ष पंचविसावं. चित्रकार अंदाजे सत्तर. त्यात नर्सबाई आल्या, एसटीचे कंडक्टर आले, पारशिवनीकडचे दोन शेतकरी आले आणि एक वकीलही आले, जे दरवर्षी फक्त सूर्यास्तच काढतात. मारोतराव पाटबंधारे खात्यातून ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारे, म्हणून निवृत्त झालेले. अक्षर असं, की फॉर्म भरून झाल्यावर छापलेलं कुठलं आणि लिहिलेलं कुठलं हे ऑफिसवाल्यांना शोधावं लागे. करोनाची दोन वर्षं सोडली तर दरवर्षी, अशी चोवीस प्रदर्शनं शाळेच्या हॉलमध्ये झाली होती आणि तिथे फॉर्म नावाचा प्रकारच नव्हता. शिपायाला सांगितलं की बाकं बाजूला व्हायची. यंदा रौप्यमहोत्सव म्हणून सिव्हिल लाइन्सकडची मोठी आर्ट गॅलरी घेतली होती. गॅलरी म्हटली की रकाने आलेच.

रकाना सात: क्युरेटरचे नाव, पात्रता, अनुभव व स्वाक्षरी.

"क्युरेटर म्हंजे काय जी?" रुख्मिणीबाईंनी विचारलं. त्या समोर बसून मेथी निवडत होत्या.

"कोनती चित्रं घ्याची, कुठी लावाची, हे जो ठरवते तो."

"म्हंजे देवरावभाऊजी."

"हो."

रुख्मिणीबाईंनी निवडलेली जुडी पुन्हा निवडायला घेतली. देवराव पेंटर पोळ्याच्या आठवड्यात वारले होते.

एवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून चंद्रभानजींचं डोकं वर आलं. हुडकेश्वरच्या त्या लेआउटमध्ये कोणाच्याही घरी फॉर्म, पाहुणा किंवा प्लंबर आला की चंद्रभानजींचं डोकं भिंतीवर येतंच. ते म्हणाले, "क्युरेटर? अवो, जामठ्याच्या स्टेडियमले हाये न! पिचवर पानी मारते, गवत कापते. माह्या साडभावाची ओळख हाये. विचारू काय?"

"आम्हाला चित्रांसाठी पाह्यजे, चंद्रभानजी."

"मंग तर सोपं हाये. गवत तरी वाढत राह्यते. चित्र तर एकदा लावलं की झालं."

देवरावांचं काम सगळ्यांना असंच वाटायचं, एकदा लावलं की झालं. सक्करदऱ्यात त्यांचं पाट्या रंगवण्याचं दुकान होतं. दवाखान्यांच्या, किराणा दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, निवडणुकीतल्या भिंती. फ्लेक्स आला आणि दुकान बसलं, पण प्रदर्शन बसलं नाही. दरवर्षी सगळी चित्रं ते आधी हॉलच्या फरशीवर मांडून ठेवायचे आणि एक पूर्ण दिवस त्यांच्यामधून नुसते फिरायचे. "कोनाचं कोनाशी पटते ते पाहून राहिलो," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी ओठांत चार-पाच खिळे धरून ठोकायला सुरुवात. त्या अवस्थेत त्यांना काहीही विचारलं तरी उत्तर एकच यायचं, "हं."

आणि दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक प्रदर्शनात, दाराच्या उजव्या हाताला, जिथे सगळ्यात चांगला उजेड पडतो तिथे, एक खिळा ते रिकामा ठेवायचे. त्याच्यावर काहीच नाही. नुसता खिळा.

मारोतराव मंडळाचे सचिव. इतिवृत्त लिहिणं त्यांच्याकडे. त्यांनी दरवर्षी न चुकता लिहिलं होतं: 'दाराच्या उजवीकडील एक खिळा विनाकारण रिकामा ठेवण्यात आला. मोक्याची जागा वाया गेली. सचिवांनी हरकत नोंदवली.' एकदा त्यांनी तोंडावरच विचारलं होतं, "देवराव, हा कोनासाठी गा?" देवरावांच्या तोंडात तेव्हा खिळे होते. ते म्हणाले, "हं."

आता जे सांगायचं ते मारोतरावांनी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. रुख्मिणीबाईंना माहीत होतं, पण बायकोला माहीत असणं हे सांगण्यात मोजत नाहीत.

मारोतरावांनीही एक चित्र काढलं होतं. आयुष्यात एकच. एकोणीसशे नव्याण्णव साली, मंडळाच्या दुसऱ्या प्रदर्शनासाठी. पारशिवनीजवळच्या त्यांच्या गावची नदी आणि नदीत उभी असलेली घरची कपिला गाय. दोन महिने खपून काढलं. देवरावांनी ते फरशीवर ठेवलं, उकिडवे बसले, बराच वेळ पाहिलं. मग ओठांतले खिळे एकेक करून हातात काढले. ही फार गंभीर गोष्ट होती. मुख्याध्यापकांसाठीसुद्धा देवराव खिळे काढत नसत.

"मारोत, गाय झकास हाये गा. डोळे तर असे हायेत की हाक मारावं वाटते. पन ते पान्यात उभी हाये, हे पान्याले मालूमच नाही."

"म्हंजे?"

"म्हंजे चार पाय पान्यात गेले, आन पानी होतं तसंच. जरा पाहून घे. उद्‌घाटनाले दोन दिवस हायेत. मी खिळा ठोकून ठेवतो."

मारोतरावांचा चेहरा कसा झाला असेल हे आपण समजू शकतो. पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं झालेली. पेंचच्या कालव्यांचे नकाशे ह्या हातांनी काढलेले. कुठल्या वळणावर पाणी किती वेगानं जाईल हे झोपेत सांगणारा माणूस, आणि त्याला स्कूटरचे नंबर रंगवणारा सांगतो की तुला पाणी कळत नाही! मारोतरावांनी गाय उचलली, लुनाच्या पुढच्या जागेत उभी धरली आणि सक्करदरा ते हुडकेश्वर तशीच घरी आणली. गायीचं तोंड रस्त्याकडे होतं. सिग्नलवर एका रिक्षावाल्यानं तिला नमस्कारही केला. घरी आल्यावर ती जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटावर गेली, ती पंचवीस वर्षं तिथेच.

भांडण म्हणाल तर झालंच नाही. दर रविवारी चहा व्हायचा, लग्नं-मुंजी-बारशी झाली, विहारातल्या कार्यक्रमाला मारोतराव जायचे, इकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला देवराव यायचे. फक्त गायीचा विषय कोणी काढला नाही. ह्यानं काढला नाही म्हणून त्यानं काढला नाही.

आता देवराव गेले होते, आणि नवा क्युरेटर निवडायचं काम मंडळानं एकमतानं सचिवांवर सोपवलं होतं. ज्या कामाला कोणी तयार नसतं त्याला आपल्याकडे एकमत म्हणतात. मारोतरावांच्या मनात मात्र एक गोष्ट हळूच येऊन बसली. नवा क्युरेटर येईल. तो गाय पाहील. आणि गाय भिंतीवर लागेल. एकदा, एकाच वर्षी, ती भिंतीवर दिसावी. वय सत्तर झालं होतं, कपाटावर किती दिवस ठेवणार?

इच्छुकांच्या मुलाखती घरीच घ्यायचं ठरलं. आदल्या दिवशी मारोतरावांनी स्टुलावर चढून गाय खाली काढली, पुसली आणि सोफ्याच्या बरोबर समोर टांगली. तिथलं कॅलेंडर शेजारी सरकलं.

"हे काहून काढलं आता?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

"परीक्षा हाये त्याईची."

"त्याईची का तुमची?"

मारोतरावांनी न ऐकल्यासारखं केलं. संसारात ही कला चित्रकलेपेक्षा जास्त उपयोगी पडते.

पहिला आला दुर्गेश. लग्नं, बारशी, दुकानांची उद्‌घाटनं, सगळ्या कार्यक्रमांचे ठेके घेतो. दोन फोन घेऊन आला आणि दोन्हींवर बोलत बसला. मध्येच मारोतराव सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "हे चित्र पाहा. एका ओळखीच्यानं काढलं. कसं वाटते?"

"कडक काकाजी! एकदम कडक! एंट्रीलेच लावू. चारी बाजूनं लायटिंग, समोर सेल्फी पॉइंट."

मारोतरावांनी लगेच आतमध्ये आवाज दिला, "वं, चिवडा आन." चिवडा आला. दुर्गेशनं बकाणा भरत फ्रिजवरच्या विणलेल्या रुमालाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हेही कडक हाये. हेही एंट्रीले लावू." जाताना तो कॅलेंडरलाही कडक म्हणाला. ते पतसंस्थेचं कॅलेंडर होतं.

दुसरे प्राध्यापक मुकुंदराव. कॉलेजातून निवृत्त, कलेवर वर्तमानपत्रात लिहितात. ते चित्रासमोर हात मागे बांधून उभे राहिले आणि चाळीस मिनिटं बोलले. पाणी म्हणजे काळ, काठ म्हणजे परंपरा, आणि ही म्हैस म्हणजे आपल्या सामूहिक स्मृतीतला अंधार.

"सर," मारोतराव हळू आवाजात म्हणाले, "ती गाय हाये."

"तेच तर!" मुकुंदराव म्हणाले आणि आणखी पंधरा मिनिटं बोलले. चित्र लावणार का, यावर ते म्हणाले, "अर्थातच. माझ्या भाषणाच्या वेळी पाठीमागे."

तिसरी सोनिका. तिशीची, चित्रकलेची पदवी घेतलेली, एका शाळेत ड्रॉइंग शिकवणारी. हेल्मेट मांडीवर घेऊन बसली, चहाला नको म्हणाली नाही, आणि विचारायच्या आधीच उठून चित्राजवळ गेली. जवळून पाहिलं, मागे सरकून पाहिलं. मग उकिडवी बसली आणि खालून पाहिलं. तिला तसं बसलेलं पाहून मारोतरावांनी चहाची बशी खाली ठेवली.

"कोणाचं आहे काका?"

"एका... ओळखीच्याचं."

"गाय फार सुंदर आहे. कोणीतरी खूप माया केलेली आहे तिच्यावर."

"मंग? लावाल न?"

सोनिकानं पुन्हा गायीच्या पायांकडे पाहिलं. आणि हळू म्हणाली, "असं नाही लावता येणार. पाय कापल्यासारखे झालेत बघा. पाण्याच्या खाली काहीच नाही. नदीवर गाय चिकटवल्यासारखं दिसतं. त्यांना सांगाल का, पाण्यावर थोडं काम करायला? मी जागा ठेवीन."

मारोतरावांनी सांगतो म्हटलं. ती गेल्यावर त्यांनी लाल पेन काढलं, सोनिकाच्या नावावर रेघ मारली आणि पुढे ट्रेसरच्या सुंदर अक्षरात लिहिलं: 'अनुभव कमी.' रकाना सातमध्ये दुर्गेशचं नाव गेलं.

आता मुळात माणूस निवडला की काम संपलं, असं मारोतरावांना वाटलं, कारण ते ऑफिसात पस्तीस वर्षं काढूनही स्वभावानं भोळेच राहिले. गॅलरीच्या खिडकीतल्या बाबूनं फॉर्म घेतला, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि फॉर्म परत दिला.

"क्युरेटर ऑलरेडी हायेत तुमचे. देवराव पेंटर. बुकिंगच्या टायमाले तुम्हीच सांगतलं होतं."

"ते वारले."

"हो का? वाईट झालं. पन त्याईनं राजीनामा नाही देल्ला न."

"मेलेला मानूस राजीनामा कसा देईन?"

"म्हनूनच तर ना-हरकत मागून राहिलो," बाबू समजूतदारपणे म्हणाला. "आधीच्या क्युरेटरची हरकत नाही, असं पत्र पाह्यजे. ते नसतील तर वारसाचं. सोबत मृत्यूचा दाखला. नाही तर सिस्टिम दुसरं नाव घेत नाही."

दाखला देवरावांच्या मुलानं, नागसेननं, मोबाइलवर पाठवला. मारोतराव स्वतः गेले नाहीत. तेरवी की पुण्यानुमोदन, जे काही होतं त्या दिवशी ते एकदा जाऊन आले होते, दारातल्या गर्दीतूनच परतले होते, आणि त्यानंतर त्या गल्लीत गेले नव्हते. उगाच. वेळ मिळाला नाही, असं ते रुख्मिणीबाईंना सांगत आणि रोज दुपारी दोन तास झोपत.

दाखला घेऊन गेले तर बाबू म्हणाला, "ह्याच्यात देवराव गोविंदा रामटेके हाये. सिस्टिममध्ये देवराव पेंटर. दोन्ही देवराव एकच होते, असं प्रतिज्ञापत्र लागंल."

मारोतरावांनी तेही केलं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं त्याच्या नेहमीच्या नमुन्यात टाइप केलं: 'मी सदर इसमास चाळीस वर्षांपासून चांगले ओळखतो आणि वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.' मारोतरावांनी झोकात सही ठोकली. चाळीस वर्षं तर खरीच होती.

राहिली ना-हरकत. ती वारसाच्या हातची पाहिजे होती. मग जाणं आलं.

देवरावांचं घर दुकानाच्या मागेच. दुकानाचं शटर अर्धं खाली. भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोंच्या रांगेत देवरावांचा नवा फोटो लागला होता. मारोतरावांचं लक्ष गेलं, फोटो किंचित वाकडा होता. देवराव असते तर त्यांना चाललं नसतं.

सिंधूताईंनी पाणी दिलं. "आले का भाऊजी," एवढंच म्हणाल्या. अडीच महिने काहून नाही आले, असं त्यांनी विचारलं नाही, आणि मारोतरावांनी वाटेत तयार केलेलं उत्तर तसंच राहून गेलं.

"वहिनी, एक सही पाह्यजे होती. नवा क्युरेटर नेमाचा हाये, त्याले तुमची हरकत नाही म्हनून."

"काय लिहाचं?"

"माझी काही हरकत नाही, एवढंच."

सिंधूताईंनी चष्मा शोधला, लावला, कागद हातात घेतला. "हरकत तर हाये न, भाऊजी," त्या शांतपणे म्हणाल्या. "पन ते ऐकते कोन? द्या, लिहितो."

एकेक अक्षर टेकत त्यांनी लिहिलं. लिहिता लिहिता विचारलं, "कोनाले नेमलं?"

"दुर्गेश म्हनून पोरगा हाये. हुशार हाये."

"त्यानं गाईचे पाय पाह्यले का?"

मारोतराव तोंड उघडून बसले. "तुम्हाले गाय मालूम हाये?"

"आमच्या घरी लहान लेकरालेही तुमची गाय मालूम हाये." सिंधूताई उठल्या, दुकानात गेल्या आणि एक पत्र्याची डबी घेऊन आल्या. तंबाखूची जुनी डबी. आत कापसावर एकच खिळा होता. लांब, जुना, ठोकून ठोकून सरळ केलेला.

"घ्या. तुमचा हाये."

"माझा?"

"दरसाली प्रदर्शन संपलं की हा खिळा उपटून आनत. वाकला असला की दगडावर ठोकून सरळ करत. दुसरा नाही चालत होता. म्हनत, मारोतले सांगतलं होतं का खिळा ठोकून ठेवतो, तोच पाह्यजे. यंदा आनते पाह्य म्हनत. दरसाली म्हनत."

मारोतरावांनी खिळा उचलून हातात धरला. "मंग एकदा तरी बोलाचं होतं न वहिनी. मी दर रविवारी इथंच तर बसत होतो."

"एकदा बोलले न. चांगल्या मनानं बोलले, तुम्ही गाय घेऊन चालले गेले. दुसऱ्यांदा बोलले असते तर तुम्हीही गेले असते, हीच भीती. चहा तरी चालू राहू दे म्हनत." त्या जराशा हसल्या. "आन तुम्ही दरसाली ते हरकत लिहीत. ते इतिवृत्त घरी आनून मले वाचाले लावत. आन पोट धरून हासत. म्हनत, पाह्य वं सिंधू, नजर हाये त्याची खिळ्यावर. इसरला नाही तो. आनंल."

बाहेर कोणीतरी शटर वाजवून नंबरप्लेट रंगवून मिळेल का विचारत होतं. सिंधूताईंनी आतूनच सांगितलं, "नाही गा, बंद झालं."

मग मारोतरावांकडे वळून म्हणाल्या, "दवाखान्यातही शेवटी मी म्हनलं, बोलावू काय भाऊजीले, सांगू काय खिळ्याचं? तर म्हने नको. बिमार मानसानं सांगतलं म्हनून आनंल, ते काय कामाचं."

मारोतराव उठले. जाता जाता त्यांनी देवरावांचा फोटो सरळ केला. तो पुन्हा वाकडा झाला. त्यांनी पुन्हा केला. तिसऱ्यांदा सिंधूताई म्हणाल्या, "राहू द्या, भाऊजी."

घरी येताना त्यांच्या खिशात प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स होती. 'चाळीस वर्षांपासून चांगले ओळखतो.' शंभराच्या स्टँपवर, नोटरीच्या शिक्क्यासकट, आयुष्यातलं पहिलं खोटं प्रतिज्ञापत्र. पस्तीस वर्षांच्या नोकरीत ज्यानं रजेचा अर्जसुद्धा खोटा दिला नाही, त्याच्या हातून हे घडलं होतं, आणि हा गुन्हा कुठल्या चौकीत जाऊन कबूल करायचा हेही त्यांना कळेना.

गाडी दारात लावून त्यांनी आधी फोन केला.

"सोनिकाबाई, मी मारोतराव भोयर बोलून राहिलो. तुमचं नाव क्युरेटर म्हनून देतो हाये."

"अरे वा! पण काका, तुम्ही तर..."

"आन एक सांगाचं होतं. ते गाय... ते ओळखीच्याची नाही. ते माही हाये."

"माहीत होतं काका. कोपऱ्यात सही आहे न तुमची. केवढ्या सुंदर अक्षरात."

दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्मिणीबाई अंगणात आल्या आणि जागीच थबकल्या. मारोतराव पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून कपड्यांच्या निळ्या टबात उभे होते. टब पाण्यानं भरलेला. मान खाली, नजर स्वतःच्या पायांवर. हळूच एक पाय उचलायचे, हळूच ठेवायचे.

"अवो, हे काय करून राहिले?"

"पाहून राहिलो."

"पाय? सत्तर वर्षं झाले पाह्यले नाही काय?"

भिंतीवर चंद्रभानजींचं डोकं आलंच. "सूज आली काय मारोतराव? मीठ टाका पान्यात. माह्या साडभावानं टाकलं, दोन दिवसांत उतरली. का शुगर वाढली?"

मारोतरावांनी दुसरा पाय उचलला. ते पाहत होते. पाणी पायाजवळ आलं की थोडं वर चढतं, पोटरीला धरून ठेवल्यासारखं. पाय टेकला की एक गोल निघतो, टबाच्या काठापर्यंत जातो आणि परत पायापाशी येतो. पाण्याखालचा पाय वरच्या पायाला जुळतच नाही. मोडल्यासारखा, बाजूला सरकल्यासारखा दिसतो. आणि सावली. सावलीही पाण्यात उभी असते. लहानपणी कपिलेला धुवायला ते रोज नदीत उतरायचे. पुढे पस्तीस वर्षं पाण्याचे नकाशे काढले. पाण्यात कोणी उभं राहिलं की पाण्याला कळतं, हे पाहायला इतकी वर्षं लागली. आणि ज्याला धावत जाऊन सांगावं, तो नव्हता.

"पाय आखडतील," रुख्मिणीबाई म्हणाल्या. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे त्यांनी नीट पाहिलं, मग आत गेल्या आणि एक पाट आणून टबाशेजारी ठेवला. "निदान बसून तरी पाहा."

रोज सकाळी टब, रोज दुपारी गाय. दुपारची झोप बंद झाली. पहिल्यांदा पाणी रंगवलं तर साबणाचा फेस झाला. दुसऱ्यांदा गाय पोटापर्यंत बुडाली आणि रुख्मिणीबाईंना तिची दया आली. तिसऱ्यांदा पुढचा डावा पाय, फक्त तेवढा एकच, थोडासा जमला.

तिकडे सोनिकानं गॅलरीत सत्तर चित्रं एक पूर्ण दिवस जमिनीवर मांडून ठेवली, कारण मारोतरावांनी तिला तसं सांगितलं होतं. खिळा ठोकायची वेळ आली तेव्हा कळलं, की गॅलरीत खिळे ठोकायला बंदी आहे. तिथे वरून तारा सोडतात आणि तारांना हूक. भिंतीला कोणी हात लावायचा नाही. मारोतराव पुन्हा खिडकीपाशी गेले. अर्ज लिहिला: 'एक नग खिळा ठोकण्याबाबत.'

बाबूनं वाचलं. "खिळ्यावर काय लटकवनार?"

"काही नाही."

"मंग खिळा कायले पाह्यजे?"

"तो राह्यते. दरसाली."

बाबूनं त्यांच्याकडे पाहिलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं. "काका, सिस्टिम 'काही नाही' घेत नाही. काहीतरी लिहा लागंल."

मारोतरावांनी विचार केला आणि रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'गाय. काम चालू आहे.' बाबूनं शिक्का मारला.

प्रदर्शन चार दिवस चाललं. नर्सबाईंचं चित्र कंडक्टरांच्या शेजारी छान दिसलं, वकिलांचा सूर्यास्त यंदाही तसाच मावळला. सिंधूताई शेवटच्या दिवशी आल्या. सगळी चित्रं पाहून झाल्यावर दाराच्या उजवीकडे, रिकाम्या खिळ्यासमोर, पदर सावरून उभ्या राहिल्या. मारोतराव त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"नाही झालं, वहिनी. एकच पाय झाला. तीन राहिले."

"असू द्या."

"पुढच्या साली आनतो."

हे बोलताना त्यांना स्वतःलाच कळलं, की पुढच्या सालाच्या गोष्टी आता जपून केल्या पाहिजेत. सिंधूताईंनाही कळलं असावं. पण त्या म्हणाल्या, "आना. खिळा हाये."

संध्याकाळी चित्रं उतरली. मारोतरावांनी टेबलाशी बसून इतिवृत्त लिहिलं. उपस्थिती, उद्‌घाटन, आभार. मग तो नेहमीचा परिच्छेद आला आणि पेन जरा थांबलं. 'दाराच्या उजवीकडील एक खिळा रिकामा ठेवण्यात आला. सचिवांची हरकत नाही.'

मग हातोडी घेऊन ते स्वतः उठले आणि खिळा उपटला. थोडा वाकला होता. बाहेरच्या पायरीवर बसून त्यांनी दगडानं ठोकून तो सरळ केला. डबी कोणत्या खिशात ठेवली ते आठवेना, म्हणून शोधता शोधता खिळा ओठांत धरला.

चंद्रभानजी घरी सोबत जायला म्हणून आले होते. त्यांनी विचारलं, "अवो, चार दिवस पाहून राहिलो, तो खिळा होता तरी कोनासाठी?"

मारोतरावांनी वर पाहिलं.

"हं," ते म्हणाले.